मधल्या डोलकाठीच्या जरा मागं

यॉर्क रोडवरच्या धर्मादाय दुकानात
चार पौंडांना मिळालं मला हे जहाज.
खोकं एका अंगानं भिजून वाळलेलं,
झाकणावरच्या चित्रात समुद्र जांभळा पडलेला.
"अर्धवट आहे हं," काउंटरमागची व्हेरा म्हणाली,
"परत आणायचं नाही."

तळाचे दोन्ही भाग कुणीतरी आधीच जोडलेले,
नाळेपासून सुकाणूपर्यंत,
हवा त्यापेक्षा जास्त गोंद लावून.
कण्याशेजारी एक अंगठा उमटलाय
प्लॅस्टिकात विरघळून, कायमचा.
भिंगाखाली रेषा मोजता येतात.
बाकी सगळं सुटं. तीन तोफा नाहीत, नांगर नाही,
सूचनांचं सातवं पान
चहाच्या कपाखाली ठेवलेलं, गोल डागासकट.

हार्टलपूलला हिवाळ्यात चारच्या आतच दिवे लागतात.
दिवसभर मी लोकांच्या तोंडात वाकून काम करते,
रात्री जेवणाच्या टेबलावर परबाणांना दोर बांधते.
दोरा आधी मेणावरून ओढून घ्यायचा,
नाहीतर लव सुटते,
आणि या मापात एक लव म्हणजे
मनगटाएवढा काथ्या.

गोदीत खरं जहाज उभं आहे,
दोनशे वर्षांचं, मुंबईत बांधलेलं, सागवानी.
रविवारी नॉर्मन थर्कल तिथं पितळ घासत असतो.
जन्म पोलादाच्या कारखान्यात गेला त्याचा.
मला बघून म्हणतो, "तुमच्या गावचं."
मी सांगते, माझं गाव मिरज,
समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मी सतरा वर्षांची होते.
"म्हणजे जवळचंच की."
मग हळूच, गुपित सांगावं तसं,
"डोलकाठी उभी करण्याआधी
खाली नाणं ठेवतात. माहीत होतं?"

तेव्हा आठवलं,
माझं उचललं की आत काहीतरी खडखडतं.

सोमवारी दवाखाना बंद झाल्यावर
खुर्चीत ते आडवं केलं,
मानेखाली टॉवेल दिला, सवयीनं.
दोन एक्स-रे वाया गेले.
तिसऱ्यात प्लॅस्टिक धुक्यासारखं, असून नसल्यागत,
आणि तळाशी,
मधल्या डोलकाठीच्या जरा मागं,
एक पांढरा दाणा.

नाणं नव्हतं.
दुधाचा दात. खालचा, पुढचा, मूळ झिजून गेलेलं.
वय सहा, फार तर सात.
असले शेकड्यांनी बघते मी,
तरी खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसून राहिले,
सफाईवाली बाई येईपर्यंत.

आम्ही कौलांवर फेकायचो.
इथं उशीखाली ठेवतात, सकाळी तिथं एक पौंड असतो.
हा ना कौलांवर गेला ना उशीखाली.
कुणी ठेवला? ज्याचा पडला त्यानं,
की ज्याचा अंगठा आहे त्यानं?
अंगठा मोठ्या माणसाचा, एवढं नक्की.
आणि इतकी गोंदाची घाई करून
मग पुढं एक काठीही का उभी राहिली नाही,
ते एक्स-रेत दिसत नाही.

व्हेराला विचारलं.
"घर रिकामं करणारे टाकून गेले. व्हॅनमधून.
नाव कोण लिहून घेतं?"

जोड उघडायला साधं पातं पुरलं असतं.
पातं काढलंही होतं.

तोफा मी कवळीच्या ॲक्रिलिकच्या केल्या,
हिरड्यांच्या गुलाबी रंगाच्या.
काळा फासल्यावर ओळखू येत नाहीत.
अंगठ्यावर मात्र सँडपेपर फिरवला नाही,
दोन हात रंग दिला तरी रेषा वर आल्याच.
डोलकाठी उभी करताना
श्वास धरून ठेवला, इंजेक्शन देताना धरते तसा.

आता ते खिडकीत असतं.
रस्त्यावरून लॉरी गेली की काच थरथरते
आणि आतल्या आत तो
जरासा लवंडतो, थांबतो.

नांगर अजून करायचा राहिलाय.